चार बोटांची जागा

नव्या हॅचबॅकच्या बाजूला उभं राहून चाकाकडे पाहिलं, तर टायरचा माथा आणि मडगार्डची कड यांच्यात चार बोटं सहज जातील एवढी फट दिसते. बहुतेकांच्या ती आयुष्यभर लक्षातही येत नाही. काहींना मात्र एकदा खुपली की खुपतच राहते. परदेशी फोटोंत हीच गाडी रस्त्याला बिलगून बसलेली असते आणि आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र टाचा उंचावून उभी असल्यासारखी वाटते. मग शोध सुरू होतो: कमीत कमी पैशांत गाडी खाली कशी बसवायची?

सगळ्यात स्वस्त उत्तर कुठल्याही शहरातल्या गॅरेजांच्या रांगेत मिळतं. चारही स्प्रिंगा उतरवायच्या, ग्राइंडरने एखाद-दुसरा वेढा उडवायचा, पुन्हा चढवायच्या. मजुरीचे हजार-दोन हजार रुपये, अर्ध्या दिवसाचं काम. त्याच्या वरची पायरी म्हणजे त्या मॉडेलसाठी बनवलेल्या बुटक्या स्प्रिंगांचा संच, ज्याला 'लोअरिंग स्प्रिंग' म्हणतात. कंपनी कुठली यावर अवलंबून, पण हिशेब साधारण पंधरा ते पस्तीस हजारांच्या घरात जातो. आणि सगळ्यात वर 'कॉइलओव्हर': स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची आट्यांवर वरखाली करता येणारे. त्याला अर्धा लाख हा आरंभाचा आकडा. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीतलं अंतर बघितलं की ग्राइंडरचा मोह का पडतो ते कळतं. मधले वीस-तीस हजार नेमके कशाचे, हे मात्र गॅरेजात कुणी सांगत नाही.

आधी त्या चार बोटांचा न्याय करू. ती फट कंपनीच्या आळसातून आलेली नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या परदेशी मॉडेलांची उंची अनेकदा मुद्दाम वाढवलेली असते. २०१० ते २०२२ या काळात विकली गेलेली फोक्सवागन पोलो पुण्याजवळच्या चाकणला तयार व्हायची. ती युरोपातल्या पोलोपेक्षा उंच उभी असायची, कारण तिला जर्मनीतल्या ऑटोबानवर नव्हे, नाशिक फाट्यावर धावायचं होतं. मारुती स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. पाच माणसं, डिकीत सामान, समोर खड्डा, अशी सगळी बेरीज करून हा आकडा ठरतो.

एक बोलकं उदाहरण टाटांचं. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबर मिळून २०१८ साली टियागो जेटीपी ही जोरकस गाडी आणली. टर्बो इंजिन, रुंद टायर, कडक केलेलं सस्पेन्शन. शर्यतीच्या दुनियेतली माणसं कामाला लागलेली. त्यांनी गाडी किती खाली घेतली? चार मिलिमीटर. चार बोटं नाही, चार मिलिमीटर! ज्यांच्याकडे चाचणीचा ट्रॅक, संगणक आणि पैसा होता, ते इथल्या रस्त्यांसाठी तेवढ्यावर थांबले, ही गोष्ट ग्राइंडर हातात घेणाऱ्याने क्षणभर ध्यानात घ्यावी.

स्प्रिंग कापल्यावर काय होतं हे समजायला थोडं गणित लागतं, पण ते पाचवीच्या पुढचं नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली नियम छापला: स्प्रिंग जेवढी दाबावी तेवढ्या प्रमाणात ती उलट जोर लावते. गाडीची गुंडाळी स्प्रिंग म्हणजे खरं तर गोल वळवलेली लांब सळई. गाडीचं वजन आलं की ही सळई आतल्या आत पिळली जाते. सळई लांब असेल तर ती सहज पिळते, आखूड असेल तर हट्ट करते. म्हणून वेढे कमी केले की स्प्रिंग नुसती बुटकी होत नाही, कडकही होते. सहा वेढ्यांपैकी एक काढला तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो, दोन काढले तर थेट दीडपट.

आता एक नमुन्याची गाडी घेऊ. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे. स्प्रिंगला सहा कामाचे वेढे आहेत आणि तिला एक मिलिमीटर दाबायला दोन किलो जोर लागतो. गाडी उभी असताना ती १५० मिलिमीटर दाबलेली असणार. दोन वेढ्यांमधलं अंतर ५५ मिलिमीटर धरू. एक वेढा कापला, म्हणजे गाडी ५५ मिलिमीटर खाली बसायला हवी? तशी ती बसत नाही. स्प्रिंग आता मिलिमीटरला २.४ किलो मागते, म्हणून १२५ मिलिमीटरच दाबली जाते. उंचीतले २५ मिलिमीटर परत मिळाले. गाडी प्रत्यक्षात ३० मिलिमीटरच खाली आली. मालक निराश. 'अजून एक काढ रे!' दुसरा वेढा जातो. कडकपणा तीन किलोवर पोहोचतो, स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली जाते आणि गाडी मूळ उंचीपेक्षा ६० मिलिमीटर खाली येते. फट गेली, फोटो निघाले.

पण स्प्रिंगच्या खाली एक मर्यादा दबा धरून बसलेली असते. शॉकअपच्या दांड्यावर रबराचा किंवा फोमचा एक ठोकळा असतो, बम्प स्टॉप. चाक वर येता येता तिथे आदळतं आणि थांबतं. आपल्या नमुन्याच्या गाडीत मूळ उंचीला या ठोकळ्यापर्यंत ८० मिलिमीटर मोकळी जागा होती. गाडी ६० मिलिमीटर खाली आली, शिल्लक २०. खड्ड्यातून चाक वर फेकलं जातं तेव्हा त्याची ऊर्जा स्प्रिंगला या जागेत पचवावी लागते आणि ही क्षमता जागेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हिशेब मांडला तर मूळ स्प्रिंगची क्षमता ६४०० एकक येते आणि कापलेलीची ६००. स्प्रिंग दीडपट कडक झाली आणि धक्का पचवायची ताकद दहाव्या हिश्श्याहून खाली गेली. 'स्प्रिंग कापल्यावर गाडी कडक होते' हे सगळे सांगतात. कंबरेला जाणवणारा दणका मात्र स्प्रिंगचा नसतोच, तो ठोकळ्याचा असतो. ठोकळ्याने पचवलं नाही तर तो दणका शॉकअपच्या वरच्या माउंटला, मग बॉडीच्या पत्र्याला जातो.

दुसरी गोष्ट याहून धोक्याची आणि ती जमिनीवर उभ्या गाडीत दिसतच नाही. चाक लटकलं की शॉकअप पूर्ण लांबतो. मूळ गाडीत उभ्या स्थितीपासून चाक आणखी ९० मिलिमीटर खाली जाऊ शकतं असं समजा. तेव्हाही स्प्रिंग ६० मिलिमीटर दाबलेलीच राहते. म्हणजे ती आपल्या वाटीत कायम घट्ट बसलेली असते. आता दोन वेढे कापलेल्या गाडीत बघा. स्प्रिंग दाबलेली आहे १०० मिलिमीटर आणि शॉकअप लांबू शकतो १५०. उंच गतिरोधकावरून गाडी झटक्यात उतरली, चाक क्षणभर हवेत लटकलं की ५० मिलिमीटरची पोकळी तयार होते. स्प्रिंग सुटी होते, खडखडते, वाटीतून सरकते आणि गाडीचं वजन परत आलं की वाकडी बसू शकते. वळणावर असं झालं तर काय, हे सांगायला हूक लागत नाही. एकच वेढा कापलेल्या गाडीत हा हिशेब जेमतेम पाच मिलिमीटरने वाचतो, म्हणूनच 'माझ्या मित्राने कापली, त्याला काही झालं नाही' हे वाक्यही खोटं नसतं.

बाजारातल्या बऱ्या लोअरिंग स्प्रिंगच्या किमतीत याच गोष्टींचे पैसे असतात. तिचे वेढे सारख्या अंतरावर नसतात. काही जवळजवळ, काही लांब. त्यामुळे ती आधी नरम आणि पुढे कडक होत जाते, आणि चाक लटकलं तरी वाटीत राहील एवढी लांबी तिला दिलेली असते. टोकाचा वेढा त्या गाडीच्या वाटीला बसेल असाच वळवलेला असतो. कापलेल्या स्प्रिंगचं टोक मात्र उघडं, तिरकं, एका बिंदूवर टेकणारं. शिवाय स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं आणि पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा मारा करून तो दाबात ठेवलेला असतो, म्हणजे लाखो वेळा पिळूनही तडा जाऊ नये.

यावरून एक जुनी युक्ती आठवते, जी अजून मेलेली नाही: गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करायची, गाडी आपोआप खाली बसते. बसते खरी. पोलादाचं पाणी उतरतं, डावीकडची एक उंची, उजवीकडची दुसरी, आणि पुढचे काही महिने ती बसतच राहते. स्प्रिंगचे दोन वेढे क्लॅम्पने आवळून बांधण्याचा प्रकार त्याहून स्वस्त. त्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

खाली गेलेली गाडी वळणावर जास्त चिकटते, हा समजही तपासून पाहायला हवा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्रित खांब, असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९४९ च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली आणि स्वस्त, सुटसुटीत म्हणून जगभर पसरली. तिची एक खोड आहे. चाकाला खालून धरणारा आर्म मूळ उंचीला बाहेरच्या बाजूने किंचित खाली झुकलेला असतो. गाडी खाली गेली की तो आडवा होतो, आणखी गेली की उलटा चढतो. त्याबरोबर, गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढलं की कलण्याचा जोरही वाढतो. म्हणजे गाडी ६० मिलिमीटर खाली घेऊन कडक स्प्रिंगने जे कमावलं, त्यातला काही भाग भूमितीच परत काढून घेते. वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत हा तोटा फारसा जाणवत नाही. त्यापुढे तो वाढत जातो. चाकं आत-बाहेर वळलेली किंवा कललेली असण्याचे कोन, म्हणजे टो आणि कॅम्बर, हेही बदलतात. अलाइनमेंट न करता गाडी पळवली तर टायरची आतली कड आधी गुळगुळीत होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही.

आता गतिरोधकांकडे येऊ, कारण महाराष्ट्रात खाली केलेल्या गाडीचा खरा परीक्षक तोच. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली दिलेलं माप असं: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर आहे. अशा प्रशस्त उंचवट्यावर गाडी मध्यावर आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि मधला माथा चाकांच्या रेषेच्या फक्त ४४ मिलिमीटर वर येतो. म्हणजे शास्त्रशुद्ध गतिरोधकावरून साठ मिलिमीटर खाली घेतलेली स्विफ्टसुद्धा पोट न घासता जाईल. पण गावाच्या वेशीवर एका रात्रीत उगवणारा गतिरोधक हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो. १५ सेंटिमीटरचा असा कठडा दोन चाकांच्या मधोमध आला की कंपनीच्या उंचीलाही १३ मिलिमीटरच उरतात, तेही गाडीत माणसं नसताना. तीस मिलिमीटर खाली घेतलेल्या गाडीचं चेंबर त्यावर घासणारच.

चेंबर, म्हणजे इंजिनचा ऑइल सम्प, फुटला तर नुकसान तिथेच थांबत नाही. ऑइल गळून गेल्यावरही चालकाने गाडी पुढे रेटली आणि इंजिन जाम झालं, तर साध्या विमा पॉलिसीत ते 'परिणामी नुकसान' म्हणून नाकारलं जाण्याची दाट शक्यता असते. त्यात गाडीत न कळवलेला बदल केलेला आढळला तर दावा आणखी लटकतो.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मालकाला वाहनात असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल. केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला ही तरतूद कडकपणे वाचली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नसतो, मग विसंगती कशी, असा युक्तिवाद या छंदातली मंडळी करतात. तो अगदी टाकाऊ नाही, पण रस्त्यावर अडवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर किंवा अपघातानंतर विमा कंपनीसमोर तो टिकेल यावर पैसे लावू नयेत.

बाहेरच्या देशांनी यातून बऱ्या वाटा काढल्या आहेत. जर्मनीत लोअरिंग स्प्रिंगबरोबर तपासणीचा कागद मिळतो. बसवल्यावर गाडी तपासनिसाला दाखवायची, तो टायर घासतो का, दिव्यांची उंची बरोबर आहे का हे पाहून बदल गाडीच्या कागदांत नोंदवतो. जपानात ठराविक मुदतीने होणाऱ्या तपासणीत गाडीखाली किमान नऊ सेंटिमीटर जागा लागते. तेवढी ठेवा, मग हौस करा. आपल्याकडे अशी वाट नसल्याने, व्यवस्थित स्प्रिंग बसवणारा आणि ग्राइंडर चालवणारा एकाच पंक्तीला बसतात, हे मात्र अन्यायाचं आहे.

कमी पैशांत गाडी खाली घेण्याचा छंद आपला शोध नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या तरुणांनी जुन्या शेवरले घेतल्या आणि डिकीत वाळूची पोती टाकून त्या खाली बसवल्या. पोती जड झाली तसे स्प्रिंगांचे वेढे कापले गेले, तापवलेही गेले. गोऱ्या तरुणांच्या गाड्या वेगासाठी, यांच्या सावकाश फिरण्यासाठी. कॅलिफोर्नियाने १९५८ पासून नियम केला की बदललेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. पोलिसांना थांबवायला निमित्त मिळालं. त्यावर १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला विमानांचे हायड्रॉलिक पंप जोडले: पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, तो गेला की पुन्हा खाली. आजच्या उड्या मारणाऱ्या लोरायडर गाड्यांचा उगम त्या बटणात आहे. तो नियम रद्द व्हायला २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला.

इतकं वाचूनही ज्याला गाडी खाली घ्यायचीच आहे, त्याने पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत? पहिली कात्री उंचीला लावावी. २५ ते ३० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. तेवढ्याने डोळ्याला पुरेसा फरक दिसतो, मूळ शॉकअप अजून चांगले असतील तर ते बहुधा चालतात आणि कॉइलओव्हरचा खर्च टळतो. पण शॉकअप सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेले, तेल सोडणारे असतील तर नवी स्प्रिंग त्यांच्यावर घालणं म्हणजे पैसे वाया. आधी शॉकअप बदलावेत. पन्नास-साठ मिलिमीटरचं स्वप्न असेल तर बुटक्या शॉकअपशिवाय ते सुरक्षितपणे पुरं होत नाही. आणि अगदी हलक्या दराच्या, नाव-गाव नसलेल्या कॉइलओव्हरपेक्षा नामांकित कंपनीच्या साध्या स्प्रिंगा कधीही बऱ्या.

स्ट्रट एकदा उघडलाच आहे तर वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग, झिजलेले बुश, बम्प स्टॉप तेव्हाच बदलून घ्यावेत. पुन्हा उघडायची मजुरी वाचते. मिस्त्री किती जाणता आहे हे एका गोष्टीवरून ओळखता येतं. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना तो गाडी चाकांवर उतरवतो का? लटकत्या चाकांवरच आवळले तर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. घरच्या घरी हे काम करायचा उत्साह असलेल्यांना एकच विनंती: दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर कोंडलेला असतो. चांगल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रटच्या वरच्या नटाला हात लावू नये. नंतर काही दिवस गाडी चालवून स्प्रिंगा बसू द्याव्यात, मग अलाइनमेंट, मग हेडलाइटचा झोत. समोरच्या काचेवर कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत तो कॅमेराही नव्याने जुळवून घ्यावा लागतो, आणि हा खर्च अंदाजपत्रकात जवळजवळ कुणीच धरत नाही.

कापलेली गाडी शेवटी बहुधा विकायला निघते, आणि जुन्या बाजारात ती 'स्पोर्टी लुक' म्हणून उभी असते. ती बघायला जाताना गाडी जॅकवर घ्यायला सांगावं, चाक लटकलं की हात आत घालून स्प्रिंग फिरवून बघावी. मूळ स्प्रिंग जागची हलत नाही. हाताने फिरली, तर ती कापलेली आहे असं समजून चारही स्प्रिंगा, शॉकअप आणि माउंटचे पैसे सांगितलेल्या किमतीतून कापून मगच बोलणी पुढे न्यावीत.